टाळूवरचा हात

माझी बायको सुनेत्रा टिकाऊपणाचं कौतुक कधी ऐकून घेत नाही. लोक दुकानात विचारतात, हे किती वर्षं टिकेल? ती विचारते, हे जाणार कधी? आमच्या लग्नात आहेर म्हणून आलेली एक प्लॅस्टिकची बादली अजून मोरीत आहे, आणि तिच्याकडे ती शत्रूकडे बघावं तशी बघते. मी म्हणतो, "अगं, मीही तेवढाच जुना आहे." ती म्हणते, "तू निदान विघटनशील आहेस."

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक, हेमंत हिरवे. सुनेत्रा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत शरीरात विरून जाणारे पॉलिमर बनवते. तुम्हाला कधी टाके पडले असतील आणि डॉक्टर म्हणाले असतील की काढायला यायची गरज नाही, तर तिच्या विषयाची तोंडओळख तुम्हाला आहेच. पॉलिमर म्हणजे लहान लहान रेणूंची हातात हात घालून उभी केलेली लांबलचक साखळी. साध्या प्लॅस्टिकमध्ये हे हात सुटता सुटत नाहीत. सुनेत्राच्या साखळ्यांतले हात पाण्याने सुटतात. शरीरात पाणी सगळीकडेच, त्यामुळे आत गेल्या क्षणापासून साखळी तुटायला लागते. किती वेगाने तुटायची, ते तिचं मिश्रण ठरवतं. काही साखळ्या महिन्यात संपतात, काही दोन वर्षं पुरतात. याच पदार्थाच्या द्राक्षवेली बांधायच्या पट्ट्याही तिने केल्या. हंगाम संपला की त्या मातीत मिसळून जातात.

पण तिचं खरं काम वेगळं होतं. तिने असा पॉलिमर केला की ज्याला आकाराची आठवण असते. बेचाळीस अंशांना तो मऊ पडतो, तेव्हा त्याला दाबा, वाकवा, आणि तसाच धरून थंड करा. तो गुपचूप त्या आकारात राहतो. पण मुळात घडवताना दिलेला आकार तो विसरत नाही, आणि शरीराच्या उबेत अगदी हळूहळू, महिनोन् महिने, तिकडे सरकत राहतो. सरकता सरकता विरत जातो.

"बेचाळीसच का?" मी एकदा विचारलं होतं.

"ताप आला तरी सहसा चाळीस-एक्केचाळीसच्या वर जात नाही," ती म्हणाली. "बेचाळीसला कुणी पोचत नाही."

हे ती ठामपणे म्हणाली, आणि मी ठामपणे मान हलवली. आमच्या दोघांचंही लहानपण महाराष्ट्रातच गेलंय.

आमची मुलगी ऋजुता मिरजेला आवट्यांकडे दिलेली. जावई सुशांत द्राक्षं परदेशी पाठवतो. बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं, पण सुनेत्राने आधीच हात वर केले. "मला प्रयोगशाळेत रात्र काढायला सांगा, बाळंतिणीचं मला काही येत नाही." विहीणबाईंना, म्हणजे विजयमालाताईंना, हे ऐकून आनंदच झाला. "बरं झालं," त्या फोनवर मला म्हणाल्या, "नातवंडाला पहिली आंघोळ माझ्याच पायावर. विहीणबाईंना म्हणावं, तुम्ही शोध लावा, आम्ही तेल लावतो!"

चार्वी झाली ती अशी गोरीगोमटी, हसरी. पण तिचं डोकं लांबट होत चाललं. आठवडाभरात डॉक्टरांनी निदान केलं.

बाळाची कवटी एकसंध नसते. हाडांचे पत्रे वेगवेगळे असतात आणि त्यांच्यामधल्या शिवणी उघड्या असतात, कारण मेंदू पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतो आणि त्याला जागा लागते. भूखंड सरकतात तसे हे पत्रे सरकत राहतात. चार्वीची मधली, टाळूपासून मागे जाणारी शिवण जन्माआधीच बुजून गेली होती. डोकं रुंद व्हायला वावच नव्हता. जागा करून दिली नसती, तर आत मेंदू कोंडला असता.

पूर्वी अशा मुलांच्या कवटीत धातूच्या स्प्रिंगा बसवत, आणि त्या काढायला दुसरी शस्त्रक्रिया करावी लागे. आता सुनेत्राच्या, आकार आठवणाऱ्या पॉलिमरच्या पट्ट्या होत्या. पुण्यात डॉ. रेहाना मुजावर यांनी बंद शिवणीच्या जागी हाड कापून फट केली आणि फटीवर दोन पट्ट्या बसवल्या, एक पुढे टाळूपाशी, एक मागे. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या, दोन्ही पाय जवळ दाबलेल्या. एकेक पाय फटीच्या एकेका काठावर. महिनोन् महिने ते पाय एकमेकांपासून लांब सरकणार आणि कवटीला रुंद करणार होते. फटीत नवं हाड भरेल, तोवर पट्ट्या नाहीशा होतील.

शस्त्रक्रिया छान झाली. एकच गोष्ट वाईट घडली. भूल उतरताना चार्वीचा श्वास दोनदा अडकला. ऋजुताने ते काचेबाहेरून पाहिलं. तेव्हापासून तिला 'भूल' हा शब्द ऐकवत नाही.

जखम भरल्यावर डॉ. मुजावर म्हणाल्या, "आता घरी न्या. नेहमीसारखी आंघोळ घाला."

नेहमीसारखी. सुनेत्रा तिथेच उभी होती, मीही होतो. कुणाच्या काही डोक्यात आलं नाही.

चार्वीला दवाखान्याने एक विणलेली टोपी दिली होती. आठवड्यातून एकदा ती घातली की डोक्याचं मोजमाप आपोआप पुण्याला पोचे. पहिल्यांदा सगळं ठीक होतं. मग एक दिवस सुनेत्रा संगणकासमोर बसली ती उठेचना. मी चहा दिला, तो तसाच राहिला.

"मागची पट्टी उघडतेय," ती म्हणाली. "पुढची नाही. उलटी मिटतेय. हेमंत, ती मिटूच शकत नाही."

दोन दिवसांत सगळे पुण्याला दवाखान्यात हजर. चित्र स्पष्ट होतं. मागची नाल पसरलेली, पुढची दोन बोटांच्या चिमटीसारखी आवळलेली. डोकं मागे रुंद, कपाळाकडे निमुळतं. मेंदूच्या पुढच्या भागाला जागा मिळत नव्हती, आणि फटीत नवं हाड भरायला लागलं होतं. ते भरून कडक झालं की संधी गेली.

सुनेत्राने चौकशी सुरू केली. ताप आला होता? नाही. पडली? नाही. उन्हात ठेवली? नाही.

"आंघोळ?"

"नेहमीसारखी," ऋजुता म्हणाली. "आईच घालतात."

विजयमालाताई बाळाला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. "तेल लावते, पायावर घेते, ऊन पाणी घालते, धुरी देते. मग शेकते. त्यात काय विचारायचं?"

"शेकता म्हणजे?"

"आता शेकतात तसं. तवा तापवायचा, ओव्याची पुरचुंडी तव्यावर ठेवायची, पुरचुंडीवर हात तापवायचे आणि टाळूला लावायचे. सर्दी होत नाही पोराला. आणि मधे जरा उंचवटा लागतोय बघा, तर दोन्हीकडनं धरून आत घ्यायचा, हलक्या हातानं. डोकं गोल व्हायला नको? पोरगीची जात आहे." मग जरा कौतुकाने म्हणाल्या, "शेकलं की मऊ लागायचं हाताला. मला वाटलं, सूज उतरतीय."

डॉ. मुजावर खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "मी माझ्या दोन्ही मुलांना असंच शेकलंय," त्या म्हणाल्या. "आणि पालकांना सांगायच्या सूचना मीच लिहिल्या. त्यात उन्हापासून मोटारीपर्यंत सगळं आहे. शेक नाही."

विजयमालाताईंना एकेक शब्द जोडून अर्थ लागत गेला, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी चार्वीला ऋजुताच्या हातात दिलं, जणू आता आपल्याकडे ठेवायचा हक्क नाही. "माझ्या हातनं झालं?" त्या म्हणाल्या. "ह्या हातानं?"

कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. पण खोटं कसं म्हणणार? ऋजुता दोघींकडे बघत म्हणाली, "एकीनं घडवलं, एकीनं बिघडवलं, आणि मधे माझी पोर." एवढं बोलून ती बाहेर गेली. त्यानंतर दोन दिवस ती सासूशी एक शब्द बोलली नाही. आईशीही कामापुरतंच बोलली.

मार्ग एकच दिसत होता, पुन्हा शस्त्रक्रिया. म्हणजे पुन्हा भूल. भूलतज्ज्ञांनी सांगितलं की पहिल्या वेळचं बघता धोका आहे, थोडा नाही, बराच.

सुनेत्रा घरी येऊन जेवली नाही. मी पोळ्या गरम करत होतो. तव्यावरची पोळी फुगली, मी ती फडक्याने दाबली, हात उचलला, पोळी पुन्हा फुगली. मी काही विशेष केलं नव्हतं, रोज करतो तेच. पण तिचं लक्ष तिकडे गेलं आणि ती उठून उभी राहिली.

"ती विसरलेली नाही," ती म्हणाली.

"कोण?"

"पट्टी. विजयमालाताईंनी तिला तापवून मिटवलं, म्हणून मिटली. पण मूळ आकार तिच्यात अजून आहे. पुन्हा तापवली आणि दाबलं नाही, तर उघडेल."

"मग तापवा की! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"इतकं सोपं असतं तर! अंगाच्या नेहमीच्या उबेत ती काही महिन्यांत उघडते. तापवली की मिनिटांत. खाली मेंदूची मोठी रक्तवाहिनी आहे, बरोबर फटीखाली. एकदम उघडली तर ती ताणून फाटेल. म्हणजे कुणीतरी दोन्ही बाजूंनी थोपवून धरायला हवं आणि अगदी हळूहळू सोडायला हवं."

हे सगळं सकाळी तिने डॉ. मुजावरांना सांगितलं. शस्त्रक्रियेच्या खोलीत डोकं पकडून धरणारं यंत्र होतं, पण ते निश्चल डोक्यासाठी. भूल न देता पाच महिन्यांचं बाळ निश्चल कुठून राहणार? ते रडलं तरी आतला दाब वाढतो. डॉ. मुजावरांनी पडद्यावरचं चित्र पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "ती शांत कधी असते?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. चार्वी जगात एकाच ठिकाणी पूर्ण शांत असे. आजीच्या लांब केलेल्या पायांवर, डोक्यावर तिचे तळवे असताना. शेकता शेकता झोपून जाई.

"मी नाही," विजयमालाताई म्हणाल्या. "माझ्यानं होणार नाही. एकदा झालं तेवढं पुरे."

"दुसऱ्या कुणाच्या हाताखाली ती झोपणार नाही," सुनेत्रा म्हणाली. "माझ्या तर नाहीच. मला तिला धरता येत नाही, तुम्ही बघताच. हात तुमचे, आकडे माझे. पट्टी विरत चाललीय, यानंतर पुन्हा तापवण्याजोगी राहणार नाही. आजचीच संधी आहे."

निर्णय ऋजुताचा होता. सुशांत तिच्या शेजारी बसून होता, पण तोही तिच्याच तोंडाकडे बघत होता. तिने बाळाच्या डोक्यावरून बोट फिरवलं. एकीकडे भूल, तिला अडकलेला श्वास आठवत होता. दुसरीकडे तेच हात, ज्यांनी हे केलं होतं.

"करूया," ती म्हणाली. सासूकडे न बघता म्हणाली.

शस्त्रक्रियेच्या खोलीत, सगळी तयारी बाजूला ठेवून, जमिनीवर एक निर्जंतुक केलेला पाट मांडला. विजयमालाताई निळा झगा घालून भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब केले. त्यांच्या हातांत पापुद्र्याइतके पातळ हातमोजे होते, ते दाब आणि उष्णता दोन्ही मोजून पडद्यावर दाखवत. सुनेत्रा शेजारी गुडघे टेकून बसली. डॉ. मुजावर एका हाताने कपाळाशी सोनोग्राफीचं छोटं यंत्र धरून होत्या. काही बिघडलं तर लगेच हाती घ्यायला त्यांची माणसं उभी होती. ऋजुता आणि मी दाराशी.

चार्वीला पायावर ठेवलं. तिने आजीचा चेहरा ओळखला आणि बोळक्या तोंडाने हसली. विजयमालाताईंचे ओठ थरथरत होते, पण हात नाहीत. त्यांनी गरम पॅडवर तळवे तापवले आणि टाळूच्या दोन्ही अंगांना लावले.

"अडतीस," सुनेत्रा म्हणाली. "चाळीस. गात राहा, तुम्ही रोज गाता ते."

त्या गुणगुणू लागल्या. चार्वीच्या पापण्या जड झाल्या.

"एक्केचाळीस. थोडं अजून. बेचाळीस. आता मऊ पडेल. दाबू नका, ताई. फक्त असू द्या हात."

"लागतंय," विजयमालाताई कुजबुजल्या. "आतनं ढकलतंय काहीतरी."

"तेच ते. थोपवा. आता केसभर सैल सोडा."

मी पडद्याकडे पाहिलं. फटीची काळी रेघ होती, दोऱ्याएवढी. ती हळूहळू रुंद होत होती. शाळेत मी पोरांना तीस वर्षं सांगितलं की खंडं सरकतात, पण आपल्याला दिसत नाहीत, कारण आपलं आयुष्य त्यासाठी फार तोकडं आहे. इथे, चहाला उकळी यायला लागतो तेवढ्या वेळात, माझ्या नातीच्या डोक्याची हाडं एकमेकांपासून लांब जात होती. माझ्या बायकोने एका पदार्थाला काहीतरी लक्षात ठेवायला शिकवलं होतं, आणि बिघडवलेला, चेपलेला, निम्मा विरलेला तो, आत अंधारात, ते आठवत होता. खोटं कशाला बोलू, मी हात जोडले.

"वाहिनी ठीक आहे," डॉ. मुजावर म्हणाल्या. "अजून जागा आहे."

"अजून थोडं सैल," सुनेत्रा म्हणाली. "अजून. आता पूर्ण सोडा. हात उचला, म्हणजे थंड होईल आणि धरून राहील."

विजयमालाताईंनी हात उचलले नाहीत. आकडे तेच राहिले, पट्टी तशीच मऊ, आणि तिचा बाहेर ढकलणारा दाब पुन्हा चढू लागला.

"ताई, सोडा."

"सोडलं आणि काही झालं तर?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. त्या सुनेत्राकडे बघत नव्हत्या, डॉक्टरांकडेही नाही. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. "ऋजू, सोडू का गं?"

ऋजुता दारातून आत आली. खोलीत यायची परवानगी नव्हती, पण कुणी अडवलं नाही. ती सासूच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिने त्यांचे खांदे धरले.

"सोडा, आई," ती म्हणाली. "मी आहे."

त्यांनी हात उचलले.

एक्केचाळीस. चाळीस. काळी रेघ होती तिथे थांबली. चार्वी झोपेत एकदा ओठ चोखून पुन्हा शांत झाली. डॉ. मुजावरांनी यंत्र खाली ठेवलं आणि मग स्वतःच खाली बसल्या, त्या थंड फरशीवर, आम्हा सगळ्यांसारख्या.

चार्वी आता अडीच वर्षांची आहे. तोंडाची टकळी अखंड चालू असते. परवा शेवटची तपासणी झाली. यंत्राचा आवाज ऐकून आधी तिने दवाखाना डोक्यावर घेतला आणि मग दमून आजीच्या खांद्यावर झोपी गेली.

पडद्यावर तिची कवटी होती, छान, गोल, रुंद कपाळाची. जिथे फट होती तिथे हाड. पट्ट्यांचा मागमूस नव्हता.

"कुठाय ते?" विजयमालाताईंनी विचारलं.

"संपलं," सुनेत्रा म्हणाली.

"संपलं म्हणजे गेलं कुठं?"

"साखळी तुटत तुटत गेली, शेवटी उरलं ते दुधातल्या आम्लासारखं काहीतरी. ते शरीराने जाळलं, त्याची ताकद झाली. उरलं त्याची हवा झाली, ती तिने श्वासातून बाहेर टाकली."

"श्वासातनं?"

"हो. झोपेत, रडताना, बडबडताना. थोडं थोडं, रोज."

विजयमालाताईंनी मान जरा वाकडी करून खांद्यावरच्या पोरीकडे पाहिलं. "मग निम्मं माझ्या मानेवरच सोडलंय की हिनं," त्या म्हणाल्या. "रोज इथंच झोपते."

निम्मं हा आकडा काही बरोबर नव्हता, आणि मला वाटलं आता सुनेत्रा तो दुरुस्त करणार. चुकीचा आकडा तिने आयुष्यात कुणाचा सोडलेला नाही. पण तिने तो तसाच राहू दिला. ती विहीणबाईंजवळ गेली, वाकली, आणि झोपलेल्या चार्वीच्या नाकासमोर तिने आपला गाल धरला.

"आई, काय करतेस?" ऋजुताने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

आता त्या श्वासात आपल्या पट्ट्यांचं काहीही उरलेलं नाही, हे तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ती बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली, आणि विजयमालाताईही जागच्या हलल्या नाहीत.